जुनी १.३ डिझेल स्विफ्ट आणि बीएस-६ एसयूव्ही: दोघींना एकच सिंथेटिक ऑइल चालेल का?

रावेरकर_केळीवाला

राम राम मंडळी. २०१५ ची १.३ लिटर डिझेल स्विफ्ट आहे, १ लाख ३० हजार किमी झालेत. आतापर्यंत १५डब्ल्यू-४० मिनरल ऑइल पडत आलंय, आता सिंथेटिकवर जायचंय. रोजचं रावेर-सावदा-भुसावळ, आणि अधूनमधून भरलेली गाडी घेऊन धुळ्यावरून सुरत, म्हणजे वाटेत कोंडाईबारी घाट आलाच. दुकानदार ५डब्ल्यू-३० हातात देतो. मिस्त्री म्हणतो आपल्याकडच्या मे महिन्यात ३० पातळ पडेल, ४० च टाका. शिवाय जुन्या इंजिनात सिंथेटिक गेलं की सील गळतात, असंही त्याचं म्हणणं. घरात भावाची २०२१ ची बीएस-६ (प्रदूषणाच्या कडक नियमांतली) डिझेल एसयूव्ही पण आहे. मोठी बादली आणून दोन्ही गाड्यांत तेच ऑइल टाकलं तर चालेल का?

तापीकाठ_डिझेल

भाऊ, ३० की ४० हा प्रश्न नंतरचा. आधी बघायचं ते गाडीला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आहे की नाही. भावाच्या गाडीला आहे, तुमच्या स्विफ्टला नाही. त्यामुळे दुकानात "डिझेलचं सिंथेटिक द्या" एवढं सांगून भागणार नाही.

डीपीएफमध्ये दोन गोष्टी साचतात. काजळी रीजनरेशनच्या वेळी, म्हणजे फिल्टर तापवून साफ होतो तेव्हा, जळून जाते. राख मात्र जळत नाही, ती कायमची आत बसते. ही राख ऑइलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक असलेल्या अॅडिटिव्हची. इंजिन थोडं थोडं ऑइल जाळतंच, आणि तेवढी राख फिल्टरमध्ये जाते. म्हणून बीएस-६ डिझेल कारना कमी राखेचं ऑइल सांगतात. डब्याच्या मागच्या बाजूला एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांच्या संघटनेचा दर्जा) सी२ किंवा सी३ लिहिलेलं असतं, त्यात सल्फेटेड अॅशची, म्हणजे या राखेची, मर्यादा ०.८ टक्के. स्विफ्टसारख्या गाड्यांना जे ए३/बी४ ऑइल सर्रास मिळतं, त्यात ती १.० ते १.६ टक्के असते. हे भावाच्या गाडीत गेलं तर लगेच काही कळणार नाही, पण डीपीएफ वेळेआधी भरेल आणि तो बदलायचा खर्च ऑइलच्या बचतीपेक्षा कितीतरी मोठा.

उलट बाजूने चालतं. एप्रिल २०२० पासून पंपावरच्या डिझेलमध्ये सल्फर १० पीपीएम आहे, बीएस-४ च्या काळात ५० होतं. सल्फर कमी म्हणजे ऑइलमध्ये तयार होणारं आम्ल कमी, म्हणून कमी राखेचं सी३ स्विफ्टलाही पुरतं. एकच बादली घ्यायची असेल तर ५डब्ल्यू-३० सी३ घ्या. अट एकच: भावाच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये हाच ग्रेड आणि हेच स्पेसिफिकेशन असलं पाहिजे. तिथे सी२ किंवा कंपनीचं स्वतःचं अप्रूव्हल लिहिलेलं असेल तर त्या गाडीसाठी वेगळा डबा आणा.

धुळे_वर्कशॉप

वरचं सगळं बरोबर. आता ३० आणि ४० चं.

५डब्ल्यू मधला ५ हा थंडीचा आकडा, मागचा ३० किंवा ४० हा गरम ऑइलच्या जाडीचा. १५डब्ल्यू सुद्धा उणे २० अंशांपर्यंत इंजिन फिरवू देतं, आपल्याकडे धुळ्याची थंडी त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणजे गाडी सुरू होण्याचा प्रश्न नाही. फायदा एवढाच की सकाळी पहिल्या काही सेकंदांत ऑइल टर्बो आणि टायमिंग चेनपर्यंत लवकर पोहोचतं. तुमच्या इंजिनात चेन आहे आणि तिचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, त्यामुळे हा फायदा छोटा समजू नका.

बाहेर ४५ अंश आहेत म्हणून ऑइल पातळ होतं ही समजूत अर्धी खरी. कूलंटचं तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो. नेहमीच्या चालीत चेंबरमधलं (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतलं) ऑइल १०० अंशांच्या आसपास असतं, जळगावात असो की महाबळेश्वरात. खरा ताण येतो तो भरलेली गाडी, एसी चालू आणि लांब चढ एकत्र आले की. तेव्हा बघायचा आकडा एचटीएचएस, म्हणजे १५० अंशांवर जोरात घासलं जाताना ऑइल किती जाड राहतं. ए३/बी४ आणि सी३ दोन्हींत तो किमान ३.५ लागतो, मग डब्यावर ३० असो की ४०. ए५/बी५ मध्ये तो २.९ ते ३.५ च्या मध्ये, आणि सी२ मध्ये किमान २.९ असला तरी पास.

म्हणून "५डब्ल्यू-३०" एवढं वाचून डबा उचलू नका. दोन डब्यांवर हाच आकडा असतो आणि आतलं ऑइल वेगळं असतं. घाटात भरलेली गाडी नेणाऱ्याने ३.५ वालंच घ्यावं. माझं मत विचाराल तर एवढ्या चाललेल्या स्विफ्टला, ऑइल खात असेल तर ५डब्ल्यू-४०, खात नसेल तर ५डब्ल्यू-३० ए३/बी४ किंवा सी३.

रावेरकर_केळीवाला

धन्यवाद दोघांना. गाडी दोन सर्व्हिसच्या मध्ये साधारण अर्धा लिटर ऑइल मागते. सीलचं काय? आणि आधी फ्लशिंग ऑइल मारून घेऊ का?

तापीकाठ_डिझेल

अर्धा लिटर या वयाला चिंतेचं नाही, एवढ्याला ऑइल खाते म्हणत नाहीत, ५डब्ल्यू-३० चालेल.

आताच्या सिंथेटिकने सील आकसत नाहीत, सील जपणारी अॅडिटिव्ह त्यात असतात. गळती दिसते ती वेगळ्या कारणाने. कडक झालेल्या सीलच्या कडेला जुना गाळ बसून भोक बुजलेलं असतं, नवं ऑइल तो गाळ धुतं आणि आधीपासूनची गळती उघडी पडते. म्हणून बदलण्याआधी टॅपेट कव्हरचं पॅकिंग, चेंबरची कड, आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्याखालची जागा कापडाने पुसून आठवडाभर बघा. ओल आली तर आधी तिथलं काम करा.

फ्लश नको. भराभर सुटलेला गाळ चेंबरमधल्या ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो, दाब पडतो, आणि पहिला मार टर्बोच्या बेअरिंगला. त्यापेक्षा पहिलं सिंथेटिक ३-४ हजार किमीवर फिल्टरसकट काढा. ते काळं निघणारच, डिझेलची काजळी ऑइलने धरून ठेवलीय याचीच ती खूण. दुसऱ्या वेळेपासून १० हजार किमी किंवा १ वर्ष. "सिंथेटिक आहे, १५ हजार चालेल" असं कुणी म्हटलं तरी ओढू नका, आणि सी३ टाकलं तर मुळीच नाही. त्यात आम्ल मारायचा साठा कमीच असतो.

धुळे_वर्कशॉप

बदलताना: गाडी ५-७ मिनिटं चालवून गरम करा, सपाट जागी उभी करा, ड्रेन बोल्ट काढून २० मिनिटं निथळू द्या. बोल्टचं वायसर दरवेळी नवं. कागदी एलिमेंटचा फिल्टर असेल तर झाकणाची ओ-रिंग नवी टाका, नव्या ऑइलचं बोट फिरवून बसवा. जुनी राहिली की गाडी तापल्यावर तिथून झिरपतं. या इंजिनात फिल्टरसकट साधारण ३ लिटरच्या थोडं वर ऑइल बसतं, नेमका आकडा मॅन्युअलमधला धरा. आधी २.८ ओता, २ मिनिटं आयडलवर चालवा, बंद करून १० मिनिटांनी ऑइल मोजायची पट्टी बघा, मग थोडं थोडं वाढवा. मॅक्सच्या रेघेवर जाऊ देऊ नका.

एअर फिल्टर ५ हजारांवर उघडून बघा. जिनिंगच्या हंगामात कापसाचं तूस आणि काळ्या मातीची धूळ एवढी असते की हाउसिंगची क्लिप सैल असेल तर महागडं ऑइलही रिंगा वाचवत नाही.

भुसावळ_बीएस६

भावाच्या गाडीसाठी एक महत्त्वाचं. ती गावातल्या गावात ३-४ किमीच फिरत असेल तर रीजनरेशन अर्धवट तुटतं, त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. ऑइलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढते. दर १५ दिवसांनी पट्टी बघा. मॅक्सच्या वर गेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर किमी न बघता ऑइल बदला. नुसतं वरचं काढून चालणार नाही, उरलेलंही पातळच असतं. आठवड्यातून एकदा हायवेला अर्धा तास सलग ६०-७० ने चालवली की रीजनरेशन पुरं होतं.

रावेरकर_केळीवाला

मॅन्युअल उघडून बघितलं, भावाच्या गाडीला ५डब्ल्यू-३० सी३ च आहे. तेच दोघींना घेतो. सध्याचं १५डब्ल्यू-४० लिटरभर उरलंय, ते टॉप-अपला वापरू का?

धुळे_वर्कशॉप

स्विफ्टमध्ये वाटेत अडचण आली तर चालेल, मिसळल्याने बिघडत नाही, फक्त सिंथेटिकचा गुण तेवढा कमी होतो. भावाच्या गाडीत थेंबभरही नको. आणि नवे डबे रिकामे झाले की भंगारात द्यायच्या आधी त्यांना खिळ्याने भोकं पाडा, नाहीतर त्यातच बनावट ऑइल भरून परत दुकानात येतं.