घरमालकांच्या वायफायवर माझं नेमकं काय काय दिसतं?

निशिगंधा_म:
मी भाड्याच्या खोलीत राहते. राउटर वरच्या मजल्यावर मालकांकडे आहे आणि आम्ही चारही भाडेकरू तोच पासवर्ड वापरतो. परवा जिन्यात काकांनी विचारलं, "तब्येत बरी आहे ना? त्या दवाखान्याची साइट सारखी बघतेस म्हणून विचारलं." त्यांनी दवाखान्याचं नावही घेतलं. मी ही गोष्ट घरीसुद्धा बोललेले नाही. ब्राउझर इनकॉग्निटोत होता, साइटवर कुलपाचं चिन्ह होतं. मग त्यांना कळलं कसं? माझे रिपोर्ट, डॉक्टरांना लिहिलेले मेसेज, बँकेचे व्यवहार, हेही दिसतं का? वेगळं कनेक्शन घेणं सध्या जमणार नाही. सोपं करून सांगा, प्लीज.

राउटरवाला:
निशिगंधा, रिपोर्ट आणि मेसेज त्यांनी राउटरवरून वाचलेले नाहीत, ही काळजी आधी सोडा. कुलूप म्हणजे एचटीटीपीएस. त्यात पानावरचा मजकूर, तुम्ही टाइप केलेलं, अगदी साइटच्या आत कुठलं पान उघडलंत तेही झाकलेलं असतं. बँकेचंही तसंच.

उघडं राहतं ते साइटचं नाव, आणि ते दोनदा बाहेर पडतं. साइट उघडण्याआधी फोन डीएनएसकडे, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेकडे, त्या नावाचा आयपी पत्ता (आकड्यांतला पत्ता) विचारतो. ही विचारणा बहुतेक घरांत राउटरमार्फत आणि एन्क्रिप्शनशिवाय, म्हणजे सांकेतिक न करता उघड्यावर, होते. नंतर साइटच्या सर्व्हरशी (ती साइट जिथे असते त्या संगणकाशी) जोडणी करताना पहिल्याच निरोपात तेच नाव पुन्हा असतं, त्याला एसएनआय म्हणतात. हल्ली बऱ्याच राउटरच्या अ‍ॅपमध्ये कोणत्या फोनवरून कधी कोणती साइट उघडली याची यादी आयती मिळते. फोनचं नाव "निशिगंधाचा फोन" असेल तर ओळखायलाही वेळ लागत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ते आजच बदला.

इनकॉग्निटोचा इथे उपयोग नाही. ते तुमच्या फोनवर हिस्ट्री ठेवत नाही, एवढंच.

वाटसरू७:
काका काळजीपोटी विचारत असतील. एवढं मनावर घेऊ नका.

राउटरवाला:
वाटसरू, काळजी असेलही. पण आजार कोणाला सांगायचा, कधी सांगायचा, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. मी बरीच वर्षं नेटवर्कचं काम करतोय. यादी दिसते म्हणून ती वाचायची आणि वर माणसाला त्यावरून विचारायचं, हे मला मुळीच पटत नाही.

आता उपाय. अँड्रॉइड ९ पासून नेटवर्कच्या सेटिंगमध्ये "प्रायव्हेट डीएनएस" आहे. "ऑटोमॅटिक"वर विसंबू नका, कारण नेटवर्कच्या डीएनएसला एन्क्रिप्शन जमत नसेल तर फोन गुपचूप उघड्यावर परत येतो. तिथे एन्क्रिप्टेड डीएनएस पुरवणाऱ्या प्रोव्हायडरचं नाव स्वतः भरा. मग विचारणा एन्क्रिप्ट होऊन जाते. राउटरने ती अडवली तर नेट बंद पडेल, पण नाव फुटणार नाही. एसएनआय मात्र यानेही झाकला जात नाही, म्हणून दवाखान्याशी संबंधित जे असेल ते मोबाइल डेटावरच बघा.

व्हीपीएनने, म्हणजे तुमचं सगळं नेट एन्क्रिप्ट करून आपल्या सर्व्हरमार्फत नेणाऱ्या सेवेने, दोन्ही झाकली जातात. राउटरला फक्त व्हीपीएनचा सर्व्हर दिसतो. पण मग काकांच्या जागी ती कंपनी येऊन बसते, त्यामुळे कुठलंही फुकटचं अ‍ॅप उचलून टाकू नका.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा: "नेट नीट चालावं म्हणून" कोणी फोनमध्ये सर्टिफिकेट (साइट खरी आहे हे ठरवायला फोन ज्यावर विश्वास ठेवतो ती फाइल) टाकायला सांगितलं तर साफ नाही म्हणा. ते एकदा बसलं की कुलूप दिसत असतानाही आतलं वाचता येऊ शकतं.

मुक्ता_लॅब:
बाकीच्या भाडेकरूंबद्दलही लिहिते. डब्ल्यूपीए२ मध्ये (ही वायफायच्या सुरक्षेची एक पद्धत, डब्ल्यूपीए३ ही त्यानंतरची) पासवर्ड सगळ्यांना माहीत असेल, तर तुमचा फोन जोडला जात असतानाची देवाणघेवाण पकडून दुसरा कोणी तुमचा वायफायचा एन्क्रिप्शनचा थर उलगडू शकतो. डब्ल्यूपीए३ मध्ये नुसत्या पासवर्डवर ते होत नाही. २०१० मध्ये फायरशीप नावाचं एक फायरफॉक्स एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) आलं होतं. त्याने उघड्या वायफायवर शेजारच्याचं फेसबुकचं लॉगिन एका क्लिकवर हाती यायचं, कारण तेव्हा बहुतेक साइट लॉगिननंतर कुलूप काढून टाकायच्या. आता ती स्थिती नाही, पण ब्राउझरने सर्टिफिकेटचा इशारा दिला तर "तरीही पुढे जा" दाबू नका. लॅपटॉप विंडोजचा असेल तर हे नेटवर्क "पब्लिक" करून ठेवा, म्हणजे तो इतरांना सहज दिसणार नाही.

निशिगंधा_म:
खूप आभार. फोनचं नाव बदललं, प्रायव्हेट डीएनएस भरलं, नेट चालू आहे. काकांकडची जुनी यादी मला पुसता येईल का?

राउटरवाला:
तुमच्याकडून नाही, ती त्यांच्या राउटरमध्ये किंवा अ‍ॅपच्या खात्यात आहे. त्यांनाच सांगावं लागेल. "माझ्या फोनच्या नोंदी बघू नका, त्या काढून टाका," एवढं स्पष्ट बोला. कारण द्यायची गरज नाही.