मदत हवी आहे : उघड्या माळावर सॅडलमधून हरणाच्या शिकारीसाठी झाड कोणते निवडावे?

अमेरिकेतील मध्य कॅन्ससमधील एका शेतजमिनीवर धनुष्यबाणाने पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करण्यासाठी मालकाची लेखी परवानगी आणि राज्याचा परवाना, दोन्ही माझ्याकडे आहेत. नोव्हेंबरच्या मध्यास, नर माजावर असताना, सॅडलमध्ये (कमरेभोवती घालून दोरीने खोडाला बांधायचे, झाडावर उंच लटकून बसण्याचे पट्ट्यांचे आसन) बसण्याचा विचार आहे. प्रश्न झाडाचा आहे, कारण कापणी झालेली शेते, गवताळ माळ आणि एक ओढा एवढ्या विस्तारात उपयोगी पडतील अशी झाडे मोजकीच आहेत.

ओढ्याकाठी कॉटनवूडची जुनी झाडे आहेत. त्यांचा बुंधा इतका जाड आहे की सॅडलची दोरी त्याभोवती जेमतेम पुरते. शिवाय त्यांच्या वाळक्या फांद्या वाऱ्याने मोडून पडतात, त्यामुळे त्यांच्याखाली तासन्‌तास बसणे मला धोक्याचे वाटते. शेताच्या बांधावर ऑसेज ऑरेंजची रांग आहे. काटेरी तार येण्यापूर्वी, एकोणिसाव्या शतकात, या भागात अशा झाडांची जिवंत कुंपणे लावली जात. लाकूड अत्यंत चिवट, परंतु बुडापासूनच अनेक खोडे फुटलेली, काटे भरपूर आणि उंची बेताची. हॅकबेरीचे एक झाड सरळ आणि योग्य जाडीचे आहे, मात्र ते एकटेच उभे असून नोव्हेंबरपर्यंत निष्पर्ण होते. रेड सिडार बाराही महिने हिरवा असल्याने आडोसा उत्तम मिळतो, पण बाण सोडण्यापुरती मोकळी जागा करण्यासाठी मालकाला विचारून फांद्या छाटाव्या लागतील.

सॅडलमध्ये खोड स्वतःच्या आणि हरणाच्या मध्ये ठेवता येते, हा त्याचा मोठा गुण. तरीही माळावर हरीण दुरूनच येताना दिसते, तसे त्यालाही आपण दिसतो, आणि पाठीमागे फांद्या नसतील तर आकाशावर माणसाची आकृती स्पष्ट उमटते. म्हणून जंगलात 20 फूट उंचीवर बसणाऱ्याने येथे सिडारच्या दाटीत 12 ते 14 फुटांवरच थांबणे अधिक शहाणपणाचे ठरेल, असे माझे मत होत चालले आहे.

वाऱ्याचाही विचार करावा लागतो. येथे एरवी दक्षिणेचा वारा असतो आणि थंडीची लाट आली की तो उत्तरेकडून वाहू लागतो. हरणे बहुधा झाडांच्या रांगेच्या, वाऱ्यापासून आडोसा मिळणाऱ्या बाजूने चालतात, म्हणजे नेमका माझा वास जिकडे जाईल तिकडूनच.

मैदानी प्रदेशात सॅडल वापरणाऱ्या जाणकारांनी कृपया सांगावे : दोन्ही वाऱ्यांसाठी दोन वेगळी झाडे आधीच तयार ठेवावीत का? आणि ऑसेज ऑरेंजच्या अनेक खोडांपैकी एकाच खोडावर दोरी बांधणे सुरक्षित मानावे का, मानावे तर ते किमान किती जाड असावे?