‘सेकंड राउंड पिक’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: एनबीएतल्या (अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या) ट्रेडच्या, म्हणजे संघांमधल्या अदलाबदलीच्या बातमीत ‘सेकंड राउंड पिक’ला ‘किरकोळ निवड’ म्हटलं तर चालेल का? आणि ‘टॉप-५५ प्रोटेक्टेड’ कसं लिहायचं?

प्रतिसाद: ‘निवड’ नको, ‘निवडहक्क’ म्हणा. ड्राफ्ट म्हणजे संघांनी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडायचे, दोन फेऱ्यांत: १ ते ३० पहिली, ३१ पासून दुसरी. ड्राफ्टच्या आधी संघ देतो तो नुसता पाळीचा हक्क, त्यात अजून खेळाडू नसतो. ड्राफ्ट झाल्यावर त्या खेळाडूशी करार करायचा हक्क उरतो, तो वेगळा. त्याला ‘खेळाडूचे हक्क’ म्हणावं. युरोपात खेळत राहिलेल्यांचे असे हक्क कित्येक वर्षं एका संघाकडून दुसऱ्याकडे फिरत असतात.

‘किरकोळ’ला माझा ठाम विरोध आहे. जेलन ब्रन्सन ३३वा, ड्रेमंड ग्रीन ३५वा, निकोला योकिच ४१वा, सगळे दुसऱ्या फेरीतले. फेब्रुवारी २०२३ मध्ये गॅरी पेटन (दुसरा) पोर्टलंड संघाकडून गोल्डन स्टेट संघाकडे परत गेला, तेव्हा पोर्टलंडच्या पदरात असे पाच हक्क पडले. जुनी वस्तू देताना वर पैसे घालतात ना, तसे हे हक्क सौद्यात वर घातले जातात. एकेकटा लहान, पण सौदा अडतो तो बऱ्याचदा त्यांच्यावरच.

प्रतिसाद: सहमत, पण सगळे एका मापाने मोजू नका. पहिल्या फेरीतल्या वरच्या पाळ्या लॉटरीने, म्हणजे सोडत काढून ठरतात; दुसऱ्या फेरीचा क्रम तसा ठरत नाही. आदल्या हंगामात जो जास्त हरला तो आधी, म्हणून कमकुवत संघाचा हक्क ३१-३२ च्या आसपास येतो. काही संघांना तो २९व्या-३०व्यापेक्षा बरा वाटतो. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पगार ठरलेल्या तक्त्यातून येतो आणि पहिली दोन वर्षं हमीची असतात. दुसऱ्या फेरीत तशी सक्ती नाही, करार बोलणी करून ठरतो. शिवाय पहिल्या फेरीचे पुढच्या लागोपाठ दोन वर्षांचे हक्क देऊन मोकळं होता येत नाही. दुसऱ्या फेरीला ती अट नाही, म्हणून सौदे जुळवताना हेच आधी हाताशी येतात.

प्रतिसाद: ‘प्रोटेक्टेड’ला ‘संरक्षित’ लिहिलं की वाचकाला वाटतं घेणाऱ्याला संरक्षण मिळालं. प्रत्यक्षात ते देणाऱ्याला असतं. ‘राखीव’ नेमकं बसतं. ‘३१ ते ५५ राखीव’ म्हणजे हक्क त्या क्रमांकांत आला तर मूळ संघाकडेच राहणार, ५६ ते ६० मध्ये आला तरच हात बदलणार. २०२४ मध्ये एकूण ५८च निवडी झाल्या, म्हणजे तिथे ५६ ते ५८ एवढीच फट. बहुतेक वेळा असा हक्क हस्तांतरित होतच नाही आणि देणं तिथेच संपतं. ट्रेडमध्ये प्रत्येक संघाने काहीतरी द्यावंच लागतं, तेवढ्यासाठी तो घातलेला असतो. याला मात्र ‘नाममात्र’ बेलाशक म्हणा.

प्रश्नकर्ता: मग असं लिहितो: ‘२०२८ चा दुसऱ्या फेरीचा निवडहक्क (३१ ते ५५ राखीव)’. बरोबर?

प्रतिसाद: कोणत्या संघाचा ते राहिलं. हक्क देणारा संघ आणि तो मुळात ज्याचा आहे तो संघ वेगळे असू शकतात, आणि क्रमांक ठरतो मूळ संघाच्या जय-पराजयावर.