‘आब्लो’ आणि ‘आब्लो’: स्पॅनिश क्रियापदांत जोर कुठे?

प्रश्न: स्पॅनिशमधलं ‘मी बोलतो’ आणि ‘तो बोलला’, दोन्ही देवनागरीत ‘आब्लो’च होतं. फरक शेवटच्या ओच्या लांबीचा का?

उत्तर: नाही, आघाताचा. ‘मी बोलतो’मध्ये जोर ‘आ’वर, ‘तो बोलला’मध्ये ‘ब्लो’वर, दुसऱ्यात रोमन ओवर तिरकी रेघ येते. मराठीत जोर हलवून काळ किंवा पुरुष बदलत नाही, म्हणून आपण नुसता ओ लांबवतो. तेवढ्यानं भागत नाही, आवाज चढवावाही लागतो. आणि ‘आब्‌-लो’ असं तोडू नका. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू मानायची सवय आपली. तिथे ब्ल, प्र, त्र या जोड्या न फुटता पुढच्या स्वराबरोबर जातात: आ-ब्लो. न्त, र्म मात्र फुटतात: दोर्‌-मिर.

नियम सोपा आहे. शब्द स्वर, न किंवा स यांवर संपला तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, एरवी शेवटच्यावर. नियम मोडला की रेघ. ‘तेर्मिनो’ घ्या: जोर ‘तेर्‌’वर असेल तर ‘शेवट’ किंवा ‘संज्ञा’ हे नाम, ‘मि’वर असेल तर ‘मी संपवतो’, ‘नो’वर असेल तर ‘त्यानं संपवलं’. रेघ पहिल्याला आणि तिसऱ्याला.

प्रश्न: मग कोन्तार (मोजणं, सांगणं) याचं ‘कुएन्तो’, पण ‘आम्ही’साठी ‘कोन्तामोस’, हे कसं?

उत्तर: तोच आघात. लॅटिनमधला ऱ्हस्व ओ जोराखाली आला की पुष्कळ शब्दांत त्याचा ‘उए’ झाला. कुएन्तो, कुएन्तास, कुएन्तान यांत जोर धातूवर आहे. ‘कोन्तामोस’मध्ये तो ‘ता’वर सरकला, म्हणून ओ शाबूत. ऱ्हस्व एचंही तसंच: पिएर्दो (मी हरवतो), पण पेर्देमोस. पुरावा हवा तर अर्जेंटिनाकडे पाहा. माद्रिदमध्ये ‘तू मोजतोस’ म्हणजे ‘कुएन्तास’; ब्युनोस आयरेसमध्ये ‘बोस’ या सर्वनामाबरोबर जोर शेवटी जातो आणि रूप होतं ‘कोन्तास’. इतक्या शिस्तीत बदलणाऱ्या क्रियापदांना ‘अनियमित’ म्हणून पाठ करायला लावणं मला तरी पटत नाही.

प्रश्न: म्हणजे धातू पाहून सांगता येईल?

उत्तर: कुठलं क्रियापद बदलेल ते नाही. कोमेरचं (खाणं) ‘कोमो’च होतं. पण एखादं बदलतं हे कळलं, की वर्तमानकाळात कुठल्या रूपात बदलेल ते जोरावरून ओळखता येतं.