मदत हवी आहे: ईसीटीनंतर हिप्पोकॅम्पस वाढतो, मग आठवणी का जातात?

माझ्या मोठ्या बहिणीला तीव्र नैराश्यासाठी ईसीटी, म्हणजे बोलण्यात ज्याला आपण ‘शॉक ट्रीटमेंट’ म्हणतो, ती सुरू आहे. औषधांचा गुण येत नव्हता आणि शेवटी तिने पाणी पिणेही सोडले होते, म्हणून हा निर्णय झाला. सहा शॉक झाले आहेत. ती जेवू लागली आहे, आपणहून बोलते. त्यामुळे माझी तक्रार उपचाराविषयी नाही.

परवा मात्र तिने तिची वही उघडली, दीड महिन्यापूर्वी लिहिलेले एक पान दोनदा वाचले आणि मला विचारले, “हे अक्षर माझंच आहे ना गं?” माझ्या काळजात धस्स झाले.

प्रक्रिया डॉक्टरांनी नीट समजावली होती. १९३८ साली रोममध्ये चेर्लेट्टी आणि बिनी यांनी हा उपचार सुरू केला तेव्हा भूल देत नसत. आता थोड्या वेळाची भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध देतात, त्यामुळे विजेने मुद्दाम आणलेली आकडी शरीरावर फारशी दिसत नाही, ती ईईजीच्या, म्हणजे मेंदूतील विद्युत हालचालींच्या, आलेखावर पाहिली जाते. हे मला समजले. अडले आहे ते पुढे. नैराश्यात हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवण्यात मोठा वाटा असलेला भाग, लहान झालेला आढळतो आणि ईसीटीनंतर तोच एमआरआयमध्ये वाढलेला दिसतो, असे मी वाचले. उंदरांवरील प्रयोगांत तिथे नव्या चेतापेशी तयार झाल्याचेही दिसले आहे. आठवणींचा भागच वाढत असेल, तर आठवणी पुसल्या का जातात? ही वाढ म्हणजे इजेमुळे आलेली सूज तर नव्हे? आणि उरलेले शॉक केवळ उजव्या बाजूने द्यावेत, असा आग्रह आम्ही धरावा का? ज्यांनी हा उपचार जवळून पाहिला आहे त्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद:

मी स्वतः हा उपचार घेतला आहे, त्यामुळे तुमच्या ताईंच्या वहीचा प्रसंग वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. तुम्ही ज्यांची सांगड घालत आहात त्या दोन गोष्टी बहुधा वेगळ्या आहेत. अनेक केंद्रांतील रुग्णांचे एमआरआय एकत्र तपासले गेले तेव्हा शॉकच्या संख्येबरोबर हिप्पोकॅम्पसची वाढही अधिक दिसली, पण ज्याची वाढ जास्त तो अधिक बरा झाला, असे आढळले नाही. उपचार संपल्यावर ती वाढ पुढे ओसरतानाही दिसते. म्हणून तिला बरे होण्याचे मोजमाप मानू नका. इजेची भीतीही बाळगू नका, कारण मेंदूतील पेशी मेल्यावर रक्तात वाढणारी प्रथिने ईसीटीनंतर तशी वाढलेली सापडत नाहीत.

विस्मरणाचा फटका मुख्यतः अलीकडच्या, अजून पक्क्या न बसलेल्या आठवणींना बसतो. नवे लक्षात ठेवण्याची क्षमता सहसा शेवटच्या शॉकनंतर काही आठवड्यांत परत येते; उपचाराच्या आसपासच्या काळातील काही आठवणी मात्र कायमच्या जाऊ शकतात. माझे जवळजवळ दोन महिने परत आले नाहीत, हे लपवण्यात अर्थ नाही. जुने मात्र सगळे शाबूत आहे.

इलेक्ट्रोड उजव्या बाजूलाच लावले आणि विजेचे स्पंद अतिशय छोटे ठेवले, तर विस्मरण कमी होते, पण गुण यायला कधी जास्त शॉक लागतात. अन्नपाणी सुटलेल्या रुग्णात लवकर गुण यावा म्हणून डॉक्टर दोन्ही बाजूंची पद्धत निवडतात. आता ताई जेवत आहेत, तेव्हा आग्रह धरण्याऐवजी “पद्धत बदलता येईल का, किंवा आठवड्यात तीनऐवजी दोन शॉक देता येतील का?” असे सरळ विचारा.

आणखी एक विचारायला विसरू नका: शॉक संपल्यावर कोणती औषधे सुरू राहणार? २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ईसीटीने बरे झालेल्या पण नंतर खरे औषध न मिळालेल्या रुग्णांपैकी ८४ टक्के सहा महिन्यांत पुन्हा आजारी पडले. नॉरट्रिप्टिलिन हे नैराश्यावरील औषध आणि लिथियम मिळून दिलेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. मला हे कोणी वेळेवर सांगितले नव्हते आणि पाचव्या महिन्यात मी पुन्हा अंथरुणाला खिळले होते.