रेड डेड २: आधी पिअर्सनच्या पिशव्या, की आधी कथा?

खोगीरभरती
'रेड डेड रिडेम्प्शन २' या व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या अध्यायात टोळीचा तळ हॉर्सशू ओव्हरलुकला पडला की पिवळ्या (मुख्य कथेच्या) मोहिमा बाजूला ठेवाव्यात आणि 'लेजंड ऑफ द ईस्ट' पिशवी पदरात पाडून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. टोळीतला सावकार स्ट्रॉस याच्या कर्जवसुलीची मोहीम झाली की तळाची वही उघडते. तिच्यातून २२५ डॉलरची चामडं शिवायची अवजारं घ्या, की तळाचा आचारी पिअर्सन पिशव्या शिवायला बसतो. सहा साध्या पिशव्या आणि त्या सगळ्या झाल्यावर सातवी. प्रत्येकीला ३ परफेक्ट कातडी, म्हणजे एकूण २१. त्यातली ७ हरणाची (प्रत्येक पिशवीला एक लागतंच), २ एल्कची. बाकी बक, बॅजर, खार, पँथर, बायसन, रकून, रानडुक्कर, इग्वाना, बीव्हर, ससा, कूगर आणि लांडगा प्रत्येकी एक. सातवी खांद्याला लागली की प्रत्येक वस्तू ९९ पर्यंत मावते. टॉनिक, मांस, वनस्पती, काहीच टाकून द्यावं लागत नाही.

एक खबरदारी: यादीत 'डिअर' आणि 'बक' वेगळे आहेत. शिंगवाला नर मारून आणला तर हरणाचा रकाना रिकामाच राहतो.

रानहेला
असहमत. हिशोब बरोबर, पण अडचण भलतीकडेच आहे. शिकारीत जागा कमी पडते ती पिशवीत नव्हे, घोड्यावर. सशा-खारीची कातडी पिशवीत जातात, पण बायसन, एल्क, कूगर यांची घोड्याच्या पाठीवरच येतात. दोन्ही बाजूंना लहान-मध्यम शिकार लटकवता येते, झालं. पिशवी ९९ ची असो वा ९९९ ची, कूगरचं कातडं काही तिच्यात जाणार नाही. म्हणजे ज्या त्रासासाठी हा खटाटोप, तो त्रास खटाटोप संपल्यावरही तिथेच.

शिवाय पँथर आणि इग्वाना दोन्ही लेमोइन राज्याच्या बाजूला. पँथर बोल्जर ग्लेडच्या आसपास, इग्वाना फ्लॅट आयर्न तलावातल्या बेटावर. हॉर्सशूहून तिथवर जायचं आणि कातडं घेऊन तळाजवळच्या व्हॅलेंटाइन गावाकडे परतायचं, वाटेत लेमोइन रेडर्स ही लुटारू टोळी आहेच. तिसऱ्या अध्यायात तळ आपोआप क्लेमेन्स पॉइंटला जातो. बेट समोर, पँथर शेजारी. मग घाई कशाला?

तिसरा_तारा
दोघांच्याही आधी एक पायरी राहिली. टोळीतल्या होझियासोबतची अस्वलाची मोहीम उरकून स्ट्रॉबेरी गावाच्या वायव्येला लेजंडरी (एकमेव, दुर्मिळ) बक मारा. त्याच्या शिंगाचं ताईत फेन्सकडे (चोरीचा माल घेणाऱ्या दुकानदाराकडे) करून घ्या. ते असलं की सोलताना वरच्या प्रतीचं कातडं मिळण्याची शक्यता वाढते. २१ परफेक्ट कातड्यांचं काम ताईताशिवाय सुरू करणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

बाकी चुका त्याच त्या. आधी दुर्बिणीतून जनावराचे तारे (कातड्याची प्रत; तीन म्हणजे परफेक्ट) बघा. ताईत नसेल तर तीन तारे नसलेल्या जनावरामागे धावण्यात अर्थ नाही. खारीला छोट्या शिकारीचा बाण, सशाला व्हार्मिंट रायफल, हरणाला धनुष्य किंवा रायफल, बायसनला ताकदीची रायफल. नेम डोक्यावरच. पहिला वार चुकला आणि जनावर रक्त गाळत पळालं की प्रत घसरते. घोड्याच्या टापांखाली आलं तरी तेच. पँथर आधी तुम्हालाच हेरतो, तेव्हा त्या झाडीत शिरताना डेड आय (वेळ मंदावून नेम धरायची क्षमता) भरलेला हवा.



खोगीरभरती
@रानहेला, घोड्याची जागा मर्यादित आहे, मान्य. पण तिचा अर्धा त्रास लोक स्वतः ओढवून घेतात. अख्खं हरीण लादून निघतात. शव कुजतं, वाटेतच प्रत उतरते, माश्या घोंगावू लागतात. सोललेलं कातडं कुजत नाही. म्हणून जागच्या जागी सोला, मांस पिशवीत टाका, कातडं पाठीवर आडवं पसरा. त्या कातड्यावर आणखी एक अख्खं शव ठेवता येतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ते शव पिअर्सनला अन्नासाठी द्या. एका खेपेत दोन कामं.

पिशवीचा फायदा या लांब खेपांतच कळतो. डेड आयची आणि घोड्याची टॉनिकं पुरेशी असली की मधे दुकान शोधावं लागत नाही.

उंटावरचा_शहाणा
खेपा मोजताय, पण माल कुठे उतरवायचा तेच चुकतं. पिअर्सन, ट्रॅपर (कातड्यांचे कपडे करून देणारा व्यापारी) आणि खाटीक ही तीन वेगळी खाती आहेत. सेंट डेनिसच्या बाजारातल्या ट्रॅपरला दिलेलं परफेक्ट कातडं ट्रॅपरच्याच कपड्यांसाठी जमा होतं. पिअर्सनच्या पिशवीसाठी ते गेलंच. उलटही तसंच. आणि व्हॅलेंटाइनच्या खाटकाला विकलं तर हातात पैसे येतात, पण कुठल्याच खात्यात काही जमा होत नाही. कूगरचं परफेक्ट कातडं खाटकाला विकणाऱ्याला कोपरापासून नमस्कार.

लेजंडरी कातड्याची मात्र काळजी नको. घोडा मेला, तुम्ही मेलात, तरी ते ट्रॅपरकडे पोचतं. साध्या कातड्याला ही सवलत नाही. म्हणून पाठीवर काही असताना कथेची मोहीम सुरू करू नये. मोहीम संपेपर्यंत माल गायब झालेला असू शकतो.

रानहेला
खात्यांचा मुद्दा पटला. ताईताचाही. पण मग क्रम असा होतो: बक, ताईत, हॉर्सशूजवळ जे सहज सापडेल ते (हरीण, ससा, खार, बॅजर), आणि कथा चालू. पँथर-इग्वाना क्लेमेन्स पॉइंटला. यात 'मोहिमा थांबवा' कुठे आलं?

खोगीरभरती
लांडगा आणि कूगर राहिले की. ते काय तळावर चालत येणार आहेत?