मदत हवी आहे: नळाला क्लोरीन आहे, झोपडीतल्या कळशीत शून्य

पाणवठा:
उखिया (कॉक्स बाजार, बांगलादेश) इथल्या रोहिंग्या छावणीतली एक पाणीयोजना आहे. खोल बोअर, सौरपंप, 10,000 लिटरची टाकी, खाली सार्वजनिक नळ. नळाला मुक्त क्लोरीन (जंतू मारायला शिल्लक असलेलं) 0.4 मिलिग्रॅम प्रतिलिटर, म्हणजे 0.2 ते 0.5 च्या मानकात बसतं. गढूळपणाही 5 एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) खाली. पण आठ तासांनी घरातल्या कळशीत क्लोरीन सापडतच नाही. मात्रा वाढवली की वासाची तक्रार येते आणि लोक 2017 मध्ये निर्वासितांचा लोंढा आला तेव्हा घाईत खणलेल्या, संडासालगतच्या उथळ हातपंपांकडे वळतात. मात्रा वाढवू की भांडी बदलू?

खारा_वारा:
आधी क्लोरीन कुठं खर्च होतंय ते बघा. एकाच नळाचं पाणी एका स्वच्छ, झाकणाच्या बाटलीत आणि एका घरच्या कळशीत भरून सावलीत ठेवा. 1, 4 आणि 8 तासांनी डीपीडी-1 गोळीने (मुक्त क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं) मोजा. बाटलीतलंही उतरलं तर दोष पाण्यात (बहुधा लोह किंवा सेंद्रिय गाळ). फक्त कळशीतलं उतरलं तर भांड्यात.

पाण्यात असेल तर बादली-चाचणी. 70 टक्के क्लोरीनची एचटीएच पावडर (कॅल्शियम हायपोक्लोराइट) 15 ग्रॅम, एक लिटर पाण्यात: हे 1 टक्क्याचं द्रावण. प्लास्टिकच्या भांड्यात करा, गाळ बसू द्या, वरचं निवळ घ्या. 20 लिटरच्या चार बादल्यांत 1, 2, 3, 4 मिली घालून झाका. अर्ध्या तासाने मोजा (पीएच 8 च्या वर असेल तर जास्त थांबा) आणि, हे सगळे विसरतात, आठ तासांनी पुन्हा मोजा. तेव्हा 0.2 उरेल ती मात्रा तुमची. नळावरचा आकडा अहवालापुरता. माणूस पितो ते कळशीतलं. 3 मिली जमलं तर टाकीला दीड लिटर लागेल. टाकी भरत असतानाच घाला, भरल्यावर वरून ओतलं तर नीट मिसळत नाही. मग एका नळाला उग्र वास, दुसऱ्याला काहीच नाही.

ओंजळ:
वासाच्या तक्रारी 0.6 ते 1.0 च्या दरम्यान वाढू लागतात, त्यामुळे एकदम उडी नको. कळशी ॲल्युमिनियमची असेल तर कडक क्लोरीनने धुऊ नका, धातू खातं. साबण आणि नळाचं पाणी पुरे. मातीने घासून नीट न विसळलेली कळशी क्लोरीन गिळते. घरटी दोन भांडी द्या: एक आणायला, एक साठवायला, अरुंद तोंडाचं आणि झाकणाचं.

पाणवठा:
आभार. हातपंपांचे दांडे काढून टाकू का?

खारा_वारा:
इतक्यात नको. नळाचं पाणी माणशी रोज 15 लिटर पुरतंय का ते आधी मोजा. कमी पडत असेल तर अंघोळ-कपडे त्या पंपांवरच चालू द्या आणि पिण्यासाठी नाही असं चित्र रंगवा. नुसत्या अक्षरांचा उपयोग नाही. संडास 30 मीटरच्या आत असलेल्या पंपांवर हे चित्र पहिल्यांदा.